हजारो ओळी बदलल्या, डेटाबेस मात्र तसाच राहिला! कोडमधल्या कमेंट्सची झाडलोट का करावी लागते?

तारीख होती २१ जून २०१७. जगभर वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या कोडमध्ये त्या एका दिवसात तीन मोठे बदल झाले. शेकडो फाईल्सना हात लागला आणि हजारो ओळी इकडच्या तिकडे झाल्या. एवढं होऊन डेटाबेसमध्ये नवीन काय आलं? काहीच नाही. एकही नवं फीचर आलं नाही, एकही बग सुटला नाही, वेगही वाढला नाही.

मग बदललं काय? ओळींमधल्या मोकळ्या जागा, काही ओळींची सुरुवात आणि कोडच्या उजव्या बाजूला लिहिलेल्या कमेंट्सची जागा. काही कमेंट्स चार अक्षरांएवढ्या डावीकडे सरकल्या, बस्स.

हे काम करणारा माणूसही कुणी नवखा इंटर्न नव्हता. त्यांचं नाव टॉम लेन. पोस्टग्रेसक्यूएलच्या सगळ्यात अनुभवी डेव्हलपर्सपैकी ते एक. आपण मोबाईलवर जे जेपीईजी फोटो बघतो, ते उघडणारी मोफत लायब्ररी ज्या गटाने तयार केली, त्या गटाचं नेतृत्वही त्यांनीच केलं होतं. असा माणूस कमेंट्स डावीकडे सरकवण्यात वेळ घालवतो, म्हणजे त्यात काहीतरी असणारच ना?

आहेच. आणि ते समजून घ्यायला तुम्हाला कोडिंग यायची गरज नाही.

आधी कमेंट म्हणजे काय ते बघू

कोडमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो. एक कॉम्प्युटरसाठी आणि एक माणसांसाठी. माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला कमेंट म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएल ज्या सी भाषेत लिहिलेलं आहे, तिथे कमेंट /* या खुणेने सुरू होते आणि */ या खुणेने संपते. उदाहरणार्थ:

/* हे कुलूप आधी लावा, नाहीतर दोन जण एकाच वेळी आत शिरतील */

कोडचं रूपांतर मशीनला कळेल अशा भाषेत करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपाइलर. त्याला अशी कमेंट दिसली की तो ती सरळ काढून टाकतो आणि तिच्या जागी एक मोकळी जागा धरतो. म्हणजे कमेंट तीन शब्दांची असो की तीन पानांची, तयार होणाऱ्या प्रोग्रॅमच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही.

मग कमेंट लिहायची कशाला? कारण कोड काय करतो ते कोड वाचून कळतं, पण तो तसाच का करतो ते बऱ्याचदा कळत नाही. पोस्टग्रेसक्यूएलचंच उदाहरण घ्या. डेटाबेसमध्ये एखादी नोंद झटकन सापडावी म्हणून बी-ट्री नावाची रचना वापरतात. एकाच वेळी अनेक जण त्यात शोधत आणि लिहीत असताना गोंधळ कसा टाळायचा, याची पद्धत फिलिप लेहमन आणि बिंग याओ यांनी १९८१ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. पोस्टग्रेसक्यूएलने ती घेतली, पण जशीच्या तशी नाही. कुठे बदल केला आणि का केला, हे त्या कोडच्या शेजारीच एका फाईलमध्ये आणि आतल्या कमेंट्समध्ये सविस्तर लिहून ठेवलंय.

हे लिहिलेलं नसतं तर पुढच्या डेव्हलपरला वाटलं असतं, 'अरे, मूळ पद्धतीत तर असं नाहीये, हे चुकलंय.' त्याने ते 'दुरुस्त' केलं असतं आणि चालू गाडीचं चाक निखळलं असतं. थोडक्यात काय, तर कमेंट ही त्या प्रोजेक्टची आठवण असते.

पण नीटनेटकेपणाचा एवढा अट्टहास का?

पोस्टग्रेसक्यूएलची मुळं १९८६ पर्यंत जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे मायकल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेस नावाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे स्टोनब्रेकर यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २०१४ सालासाठी मिळाला. १९९६ मध्ये प्रकल्पाला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळालं आणि तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे डेव्हलपर्स मिळून तो चालवतात. इन्स्टाग्रामसारखं ॲप सुरुवातीपासून याच डेटाबेसवर उभं राहिलं.

आता विचार करा, एक वही आहे. तिच्यात गेली कित्येक वर्षं शेकडो माणसं लिहितायत. कुणी समास सोडतो, कुणी सोडत नाही. कुणी दोन बोटं आत सुरू करतो, कुणी कडेपासून. अशी वही वाचताना अर्धा वेळ मजकूर शोधण्यातच जाईल.

म्हणून प्रोजेक्टने नियम केले. त्यातले काही असे:

एक टॅब म्हणजे चार अक्षरांची जागा.

ओळ साधारण ऐंशी अक्षरांच्या आत संपली पाहिजे.

कमेंट एकापेक्षा जास्त ओळींची असेल, तर सुरुवातीची खूण एका ओळीवर एकटी, मग प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक तारा, आणि शेवटची खूण पुन्हा स्वतंत्र ओळीवर.

दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी, म्हणजे // अशी छोटी कमेंट चालणार नाही. पोस्टग्रेसक्यूएल ज्या जुन्या सी मानकावर वाढलं त्यात ही पद्धतच नव्हती. २०१९ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून नवं मानक स्वीकारलं, तरी कमेंटचा हा नियम कायम ठेवला. कारण साधं आहे, सगळीकडे एकच पद्धत दिसावी.

यातला कुठलाही नियम 'बरोबर' आणि दुसरा 'चूक' असं नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवा की उजव्या, यात बरोबर-चूक नसतं. सगळ्यांनी एकाच बाजूने चालवणं महत्त्वाचं.

झाडलोट माणूस नाही, प्रोग्रॅम करतो

नियम केले म्हणजे ते पाळले जातात असं नाही, हे आपल्याला सिग्नलवर रोज दिसतं. मग हजारो फाईल्स हाताने नीट करत बसायचं का?

नाही. त्यासाठी पोस्टग्रेसक्यूएलकडे पीजीइंडेंट नावाचं साधन आहे. ते कोड वाचतं आणि नियमांप्रमाणे पुन्हा मांडून देतं. कमेंट्सच्या बाबतीत ते काय करतं ते बघण्यासारखं आहे.

एखाद्या ओळीत आधी कोड असेल आणि मग त्याच ओळीत उजवीकडे कमेंट असेल, तर ती कमेंट ३३ व्या अक्षराच्या जागेपासून सुरू होते. त्यामुळे खालोखालच्या कमेंट्स एका रेषेत दिसतात. कोडच लांबून ३३ व्या जागेच्या पुढे गेला असेल, तर कमेंट पुढच्या टॅबच्या थांब्यावर सरकते.

कोडच्या आत लिहिलेली लांब कमेंट असेल, तर हे साधन तिला साधा परिच्छेद समजतं आणि शब्द पुढे-मागे करून ओळी पुन्हा भरतं. इथे एक गंमत होते. समजा एखाद्या डेव्हलपरने कमेंटमध्ये मेहनतीने एक तक्ता काढलाय, किंवा ठिपके आणि रेघा जोडून आकृती काढलीये. साधनाला ते कळत नाही. ते आकृतीचाही परिच्छेद करून टाकतं, म्हणजे पोळीचा चिवडा!

त्यावर उपाय आहे. कमेंटच्या सुरुवातीच्या खुणेला लागून रेघांची एक ओळ मारायची. म्हणजे साधनाला इशारा मिळतो की बाबा रे, या चौकटीला हात लावू नकोस. आणि ओळीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या मोठ्या कमेंट्सना ते तसंही हात लावत नाही.

दुसरी अडचण आणखी मजेशीर आहे. सी भाषेत तारा या चिन्हाचे दोन अर्थ होतात. 'अ * ब' म्हणजे अ गुणिले ब. पण अ हे एखाद्या प्रकाराचं नाव असेल, तर त्याच चिन्हांचा अर्थ होतो 'ब हा अ प्रकाराच्या गोष्टीचा पत्ता आहे'. दोन्हींची मांडणी वेगळी असते आणि नुसतं बघून कोणता अर्थ आहे ते साधनाला ठरवता येत नाही. म्हणून प्रोजेक्टने अशा प्रकारांच्या नावांची एक लांबलचक यादी ठेवलीये. यादीत नाव नसेल, तर मांडणीत जागा चुकते.

मग २०१७ मध्ये नेमकं झालं काय?

पीजीइंडेंटच्या पोटात एक जुना प्रोग्रॅम काम करतो. त्याचं नाव इंडेंट आणि तो युनिक्सच्या बर्कली परंपरेतून आलेला. २०१७ पर्यंत पोस्टग्रेसक्यूएल त्याची जुनी, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली आवृत्ती वापरत होतं.

या जुन्या आवृत्तीची गडबड अशी, की तिच्या हिशेबात टॅब आठ अक्षरांचा होता. प्रोजेक्टचा टॅब मात्र चार अक्षरांचा. त्यामुळे ३३ व्या जागेत न मावणारी कमेंट उजवीकडे सरकवताना ती आठ-आठ अक्षरांच्या उड्या मारायची. परिणाम काय? काही कमेंट्स कोडपासून एक टॅब दूर, तर काही दोन टॅब दूर, आणि बघणाऱ्याला त्यामागचं कारणच कळायचं नाही. काही ठिकाणी तर कमेंट आधीच्या कोडला मधे जागाच न सोडता चिकटून बसायची.

२०१७ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या सुधारलेल्या इंडेंटवर आधारित नवी आवृत्ती आली. तिला चार अक्षरांचा टॅब कळत होता. त्यामुळे अशा सरकवलेल्या कमेंट्सपैकी साधारण निम्म्या एक टॅब डावीकडे आल्या. लिहायला जागा वाढली आणि सगळ्या कमेंट्सना एकच नियम लागू झाला.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. टॉम लेन यांनी हे सगळं एका झटक्यात केलं नाही. पहिल्या टप्प्यात नवं साधन चालवलं, पण कमेंट्स शक्यतो जुन्या जागीच राहतील असं बघितलं. दुसऱ्या टप्प्यात कमेंट्स नव्या जागी हलवल्या. तिसऱ्या टप्प्यात कंसातल्या ओळींची मांडणी सरळ केली. यामागचं कारणही त्यांनी नोंदवून ठेवलंय. त्याचा मथितार्थ असा, की सगळे बदल एकदम टाकले असते तर तपासणाऱ्याचे डोळे फिरले असते, म्हणून जमतील तेवढे तुकडे केले.

म्हणजे ज्या बदलाने काहीच बदलत नाही, तोसुद्धा कुणीतरी तपासणार आहे हे त्यांनी धरलेलं होतं. ते का, हे समजायला आधी दुसरी बाजू बघू.

ही सफाई फुकट होत नाही

घरात दिवाळीची आवराआवर झाली की चार दिवस वस्तू सापडत नाहीत. कोडचंही तसंच आहे.

पहिली अडचण इतिहासाची. गिट नावाचं साधन कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. त्यातली ब्लेम नावाची सोय कुठल्याही ओळीसमोर सांगते, की ही ओळ शेवटची कुणी, कधी आणि कोणत्या बदलात बदलली. बग शोधताना याचा फार उपयोग होतो. पण सफाई झाली की हजारो ओळींसमोर एकच नाव झळकायला लागतं, सफाई करणाऱ्याचं. खरा लेखक आणि खरं कारण त्याच्या मागे झाकलं जातं.

याला बराच काळ सोपा उपाय नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीत तो मिळाला. सफाईच्या बदलांची एक यादी करून गिटला द्यायची आणि सांगायचं की इतिहास दाखवताना हे वगळ. पोस्टग्रेसक्यूएलने २०२१ मध्ये अशी यादी आपल्या कोडमध्येच ठेवली. पण यातली मेख लक्षात घ्या. एखादा बदल वगळता तेव्हाच येतो, जेव्हा त्यात फक्त सफाई असते. सफाईच्या आडून एखादी खरी दुरुस्तीही आत आली असेल, तर यादीमुळे तीही नजरेआड होते.

दुसरी अडचण जुन्या आवृत्त्यांची. पोस्टग्रेसक्यूएलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण पाच जुन्या आवृत्त्या जिवंत असतात. सुरक्षेचा एखादा बग सापडला तर दुरुस्ती त्या सगळ्यांना लावावी लागते. आता नव्या कोडमध्ये कमेंट चार अक्षरं डावीकडे असेल आणि जुन्यात नसेल, तर दुरुस्ती आपोआप बसत नाही. गिट म्हणतं, इथल्या ओळी जुळत नाहीत, तुम्हीच बघा. मग माणसाला हाताने जोडकाम करावं लागतं, आणि हाताने काम आलं की चुकीला वाव आला.

तिसरी अडचण, ज्यांचे बदल अजून रांगेत आहेत त्यांची. तुम्ही तीन महिने एका फीचरवर काम करताय आणि अचानक तुमच्या खालचा कोडच सरकला. तुमचा पॅच पुन्हा बसवत बसा!

म्हणून अनेक वर्षं पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही मोठी सफाई वर्षातून साधारण एकदा, नवी आवृत्ती यायच्या आधी केली जायची. त्या वेळी रांगेतले बदल सगळ्यात कमी असतात.

'ध'चा 'मा' व्हायला किती वेळ लागतो?

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 'धरावे' असं लिहिलेल्या पत्रात एका अक्षराचा फेरफार झाला, त्याचं 'मारावे' झालं, आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात जे घडलं ते घडलं. आख्यायिका किती खरी यावर वाद आहेत, पण तिच्यातली भीती खरी आहे. एका अक्षराने अर्थ उलटतो, आणि मोठ्या कागदात एक अक्षर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

कोडमध्ये हे प्रत्यक्ष घडलंय.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीने अपडेट द्यावं लागलं. सुरक्षित वेबसाईटची ओळख तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही एक ओळ दोनदा आली होती. पहिली ओळ अटीला बांधलेली होती, दुसरी नव्हती. पण दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवून लिहिलेल्या असल्यामुळे वाचणाऱ्याला दुसरीही अटीच्या आतच आहे असं वाटायचं. प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची आणि शेवटची, महत्त्वाची तपासणी वगळली जायची. मांडणी एक सांगत होती आणि कोड दुसरंच करत होता. इथे मांडणी करणारं साधन चालवलं असतं, तर ती दुसरी ओळ बाहेर सरकून उघडी पडली असती.

कमेंट्सही वाटतात तेवढ्या निरुपद्रवी नाहीत. कमेंटची शेवटची खूण चुकून पुसली गेली, तर काय होतं बघा:

/* जुनी पद्धत, आता लागू नाही
दार बंद करा;
/* नवी पद्धत */
दिवा लावा;

पहिली कमेंट बंदच झालेली नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती तिसऱ्या ओळीच्या शेवटी संपते. म्हणजे 'दार बंद करा' हा हुकूम कमेंटच्या पोटात गेला. दिवा लागेल, पण दार उघडंच राहील. चांगले कंपाइलर याबद्दल इशारा देतात, पण तो इशारा वाचणारा माणूस लागतो. कमेंट्सची मांडणी हाताने करताना नेमकी हीच खूण पुसली जायचा धोका असतो.

२०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाऊचर आणि रॉस अँडरसन यांनी आणखी एक प्रकार दाखवून दिला. उर्दू, अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी काही अदृश्य चिन्हं असतात. ती कमेंटमध्ये पेरली, तर स्क्रीनवर कोड एका क्रमाने दिसतो आणि कंपाइलर तो दुसऱ्याच क्रमाने वाचतो. माणसाला जी कमेंट वाटते तो चालणारा कोड असू शकतो, आणि उलटही.

आणि मग मार्च २०२४. एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. तो शोधला आंद्रेस फ्रॉइंड यांनी, आणि योगायोग म्हणजे तेही पोस्टग्रेसक्यूएलचेच डेव्हलपर. डेटाबेसचा वेग मोजताना लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एका शंकेवरून ते तिथपर्यंत पोचले.

त्या प्रकरणात नंतर आणखी एक गोष्ट सापडली. चोरदरवाज्याशिवाय, एका वेगळ्या फाईलमध्ये एका ओळीच्या सुरुवातीला फक्त एक ठिपका टाकलेला होता. पूर्णविराम असतो ना, तेवढाच. त्या ठिपक्यामुळे एक छोटा चाचणी प्रोग्रॅम कंपाइल व्हायचा नाही. मग बिल्ड करणाऱ्या यंत्रणेचा समज व्हायचा की या मशीनवर लँडलॉक नावाचं सुरक्षा कुंपण उपलब्धच नाही, आणि कुंपण बंदच राहायचं.

हजारो ओळी सरकवणाऱ्या बदलात असा एक ठिपका कुणी टाकला, तर तो कुणाला दिसेल? सफाईबद्दल डेव्हलपर्स एवढे काटेकोर का असतात, याचं उत्तर या प्रश्नात आहे. बँकेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी, रेशनची यादी असा डेटा ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर राहतो, तिथे 'फक्त कमेंट्स नीट केल्या' या वाक्यावर नुसता विश्वास ठेवून चालत नाही. ते वाक्य तपासता आलं पाहिजे.

मग तपासायचं कसं?

चांगली बाब अशी, की सफाईचा बदल तपासणं खऱ्या बदलापेक्षा सोपं असतं. अट एकच, त्यात सफाईशिवाय काहीही नको.

पहिला मार्ग म्हणजे साधन स्वतः चालवून बघणं. तीच आवृत्ती, तीच नावांची यादी, तोच जुना कोड. तुमच्या कॉम्प्युटरवर निघालेलं उत्तर आणि समोरच्याने टाकलेला बदल अक्षरशः सारखा असेल, तर मधे कुणाचा हात लागलेला नाही. हाताने केलेल्या सफाईपेक्षा साधनाने केलेली सफाई जास्त विश्वासाची असते ती यामुळेच.

दुसरा मार्ग म्हणजे मोकळ्या जागा सोडून फरक बघणं. गिटला सांगता येतं की स्पेस आणि टॅबमधले फरक दाखवू नकोस. कमेंट फक्त सरकली असेल, तर ती यादीतून गायब होते. उरतं तेवढंच डोळ्यांनी वाचायचं.

तिसरा मार्ग सगळ्यात पक्का. सफाईच्या आधीचा आणि नंतरचा कोड एकाच मशीनवर, एकाच सेटिंगने कंपाइल करायचा आणि तयार झालेल्या फाईल्सची तुलना करायची. कमेंट्स कंपाइलरच काढून टाकत असल्यामुळे दोन्ही फाईल्स सारख्या यायला हव्यात.

यातही एक खाच आहे बरं का. कमेंटच्या ओळी कमी-जास्त झाल्या, तर खालच्या कोडचा ओळ क्रमांक बदलतो. आणि पोस्टग्रेसक्यूएलमधले चुकीचे संदेश आपण कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीवरून आलो ते सोबत ठेवतात. त्यामुळे काम न बदलताही तयार फाईलमध्ये काही आकडे वेगळे दिसतात. कमेंट त्याच ओळीत सरकली असेल, तर तेवढाही फरक नको.

आणि एक गोष्ट मात्र यातला कुठलाच मार्ग सांगू शकत नाही. कमेंट खरी आहे का? कोड बदलला आणि कमेंट जुनीच राहिली, तर साधन ती खोटी कमेंटसुद्धा सुंदर रेषेत मांडून देईल. ते वाचून ओळखायला माणूसच लागतो.

आणि शेवटी एक कोकीळ

वर्षातून एकदा झाडू मारण्यात तोटा असा, की वर्षभर कचरा साठतो आणि मग एकदम मोठी उलथापालथ होते. २०२३ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या डेव्हलपर्सनी पद्धत बदलली. आता कोड रोजच्या रोज नीट ठेवायचा. इंडेंटची स्वतःची आवृत्तीही त्यांनी मुख्य कोडमध्येच आणून ठेवली, म्हणजे प्रत्येकाकडे एकच साधन.

पण लक्ष कोण ठेवणार? या प्रोजेक्टसाठी जगभरातले लोक आपापल्या मशीन्सवर सतत कोड तपासत असतात. या मशीन्सच्या जाळ्याला बिल्डफार्म म्हणतात, आणि शेत म्हटलं की प्राणी आलेच, म्हणून प्रत्येक मशीनला एखाद्या पशुपक्ष्याचं नाव असतं. त्यातल्या एकाचं काम फक्त मांडणी तपासणं. एखाद्याने कमेंट वेडीवाकडी टाकली की ते लगेच लाल खूण दाखवतं. त्याचं नाव आहे कोएल, म्हणजे आपली कोकीळ. इंग्रजीत या पक्ष्याचं नाव गेलंच मुळी आपल्या इकडच्या 'कोयल' या शब्दावरून.

यामुळे वर्षाची मोठी उलथापालथ राहिली नाही. बदल छोटे झाले, आणि छोटा बदल कुणीतरी खरोखर वाचतो.

तुम्ही कोडिंग करत असाल, कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये असाल किंवा नुकतेच एखाद्या कंपनीत लागला असाल, तर यातून उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे. सफाई आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये टाकू नका. आधी सफाई, ती साधनाने केलेली. मग दुरुस्ती, ती वेगळी. 'जाता जाता हेही केलं' हा मोह टाळा. तुमचा कोड तपासणाऱ्याला दहा मिनिटांत कळलं पाहिजे की पहिल्यात काहीच बदललेलं नाही, आणि दुसऱ्यात नेमकं काय बदललंय.

आणि कोडशी तुमचा काही संबंध नसेल, तरी कुणी कागद पुढे करून म्हणालं की 'काही नाही हो, फक्त फॉरमॅट बदललाय', तर सही करण्याआधी जुना कागद शेजारी ठेवून एकदा ताडून बघा.